बिशपसाहेबांची खुर्ची

लग्न होऊन नाशिकला आले, तेव्हा पहिल्याच शनिवारी सासूबाईंनी मला देवळात नेलं. आम्ही मराठी ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो. शेजारणींना ते थोडं समजावून सांगावं लागतं, मग त्यांनाही सवय होते. रविवारच्या उपासनेआधी वेदीवरची वस्त्रं बदलायची, पितळ घासायचं, फुलं लावायची, हे काम वर्षानुवर्षं सासूबाईंकडे होतं. मी निशिगंधाचे दांडे सारखे करायला घेतले आणि टेकायला जागा बघत वेदीच्या डाव्या अंगाला असलेल्या एका उंच पाठीच्या सागवानी खुर्चीत बसले. सासूबाईंच्या हातातली फुलदाणी खालीच पडायची बाकी होती.

"ऊठ, ऊठ. तिथं बिशपशिवाय कुणी बसत नाही."

मी नगरची. आमच्या मंडळीत बिशप नावाचा माणूसच नव्हता. पाळक आम्हीच निवडायचो, पंच मिळून कारभार बघायचे, भांडायचेही पोटभर, पण कुणाच्या डोक्यावर कुणी हात ठेवायचा यावरून कधी कोर्टात गेलो नाही. मी सासूबाईंना विचारलं, बिशपसाहेब येतात कधी? म्हणाल्या, वर्षा-दोन वर्षांतून एकदा. मग एरवी खुर्ची रिकामीच? हो, रिकामीच. पुसायची आणि रिकामी ठेवायची. बिशप ज्या देवळात त्या खुर्चीत बसतो, ते देऊळ त्याच्या अधिकाराखालचं, अशी जुनी रीत. मला तेव्हा हसू आवरेना. घरी येऊन नवऱ्याला नक्कल करून दाखवली होती.

सासूबाई मुलींच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. आवाज असा, की शेवटच्या बाकावरची मुलगी वेणीशी खेळायची थांबावी. दर रविवारी उपासनेनंतर त्या मोठ्या मुलांना दृढीकरणाची शिकवणी द्यायच्या. दृढीकरण म्हणजे लहानपणी आईबापांनी आपला बाप्तिस्मा करून दिलेला असतो, त्याला मूल मोठं झाल्यावर स्वतःच्या तोंडानं हो म्हणतं, आणि बिशप त्याच्या डोक्यावर हात ठेवतात तो विधी. त्यानंतरच प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला मिळायचा. तोवर वेदीपुढच्या कठड्यापाशी जाऊन नुसतं गुडघे टेकायचं आणि हात जोडून आशीर्वाद घ्यायचा. बाप्तिस्मा, लग्न, दफन ही सगळी कामं पाळक करतात. हे एकच काम असं, की त्याला बिशपच लागतो.

त्यांच्या घराण्यात आणखी एक रीत होती. मुलगी पहिल्यांदा प्रभुभोजन घेते तेव्हा आजीच्या शेजारी गुडघे टेकते. सासूबाईंनी त्यांच्या आजीच्या शेजारी टेकले होते, आजीचं पातळ काथ्याच्या चटईत अडकलं होतं आणि त्या हसल्या म्हणून चिमटा बसला होता, हे त्यांनी माझ्या मुलीला इतक्यांदा सांगितलं होतं, की ती अर्ध्यातूनच पुढचं म्हणायची. माझी मुलगी चौदा वर्षांची झाली. प्रश्नोत्तरं तिला तोंडपाठ होती, पांढरी साडी घेऊन ठेवली होती, आणि नेमके तेव्हा आमच्याकडे दोन बिशप झाले.

हे भांडण खरं तर माझ्या नवऱ्याच्या जन्माआधीचं. फार पूर्वी देशात वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या एकत्र आल्या, त्यात आमचं अँग्लिकन देऊळही गेलं. बहुतेकांनी मान्य केलं, काहींनी मनातून केलं नाही. जोवर जुने बिशपसाहेब होते तोवर ते मनातलं मनातच राहिलं. ते निवृत्त झाले आणि एक गट म्हणाला, आम्ही कधी एक झालोच नव्हतो, आम्ही जुने अँग्लिकन, आमचा बिशप वेगळा, आणि नाशिक त्याच्याच प्रांतात येतं. दुसऱ्या गटानं सांगितलं, एकीकरण झालं ते झालं, इथे आमच्याच बिशपचा हुकूम चालेल. गावानं त्यांना 'जुने' आणि 'एकीवाले' अशी नावं ठेवली. भांडायला एकीवालेच पुढे असायचे, यात कुणाला काही खटकत नव्हतं.

एकीवाल्यांच्या पंचांत माझा नवरा. जुन्यांचे पुढारी सासूबाईंचे सख्खे धाकटे भाऊ, माझे मामेसासरे. मी त्यांना मामाच म्हणते. आपलेच दात आणि आपलेच ओठ. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात, इथे तर दोघांनाही म्यान आपल्याच मालकीचं हवं होतं. प्रकरण कोर्टात गेलं. कोर्टानं सांगितलं, निकाल लागेपर्यंत जैसे थे. म्हणजे एका गटाची उपासना सकाळी लवकर, दुसऱ्याची त्यानंतर. दोघांचे पाळक वेगळे. आणि दोन्ही बिशपांपैकी कुणीही देवळात पाय ठेवायचा नाही. तारखा पडत राहिल्या. मुलं वाढत राहिली. सासूबाईंच्या शिकवणीतली पोरं मिशा फुटून कॉलेजात गेली, पण कठड्यापाशी अजून हात जोडूनच बसायची.

नवरा म्हणाला, आपण हिला आपल्या बिशपकडे दुसऱ्या गावी नेऊ आणि विधी उरकून आणू. त्यात अवघड काही नव्हतं, दोन्ही गटांतल्या काहींनी तसं केलंही. सासूबाईंनी ताटावरून मान वर केली नाही. हिला तुझ्या बिशपकडे नेलंस तर माझा भाऊ माझ्या दाराची पायरी चढणार नाही, त्याच्या बिशपकडे नेलं तर तू त्याला चढू देणार नाहीस, असं त्या म्हणाल्या. माझ्या नातीचं काय व्हायचं ते माझ्या देवळात होईल.

मला ते तेव्हा हट्टाचं वाटलं आणि मी बोललेही तसं. नगरला असतो तर एव्हाना पोरगी पंच झाली असती, असं काहीतरी. सासूबाई म्हणाल्या, तुझं नगर तुला लखलाभ.

तोडगा शेवटी त्यांनीच काढला. दक्षिणेतले एक निवृत्त बिशप नाशिकला त्यांच्या मुलाकडे येऊन राहिले होते. वय ऐंशीच्या पुढे. ह्या भांडणात ते कुठेच नव्हते. मराठीही त्यांना येत होतं, कारण तरुणपणी ते ह्याच बाजूला पाळक होते. सासूबाईंनी एका रविवारी मुलाला आणि भावाला जेवायला बसवलं. मटणाच्या रश्श्याचा वास घरभर सुटला होता आणि पातेलं त्यांनी स्वतःच्या खुर्चीशेजारी ठेवून घेतलं होतं. ह्या बिशपांच्या हातून आपल्या देवळात विधी करायचा, हे ठरल्याशिवाय वाढणार नाही म्हणाल्या. मामांना मधुमेह, भुकेला थांबता यायचं नाही. पहिल्यांदा तेच हो म्हणाले.

दोघंही हो म्हणाले, पण अटी घातल्या. प्रार्थनेत कुठल्याही प्रांताचं नाव घ्यायचं नाही. बिशपसाहेबांनी अधिकाराचा दंड हातात धरून मिरवत आत यायचं नाही. आणि खुर्चीत बसायचं नाही. मी विचारलं, मग खुर्ची बाजूला काढून ठेवा ना त्या दिवशी. मामा म्हणाले, काढणार कोण? जो हलवेल त्याचा हक्क झाला. बरं, मग एखादी साधी प्लॅस्टिकची खुर्ची ठेवा. आता नवरा म्हणाला, वेदीपाशी बिशप ज्या खुर्चीत बसेल तीच बिशपची खुर्ची होते, प्लॅस्टिकची असली म्हणून काय झालं. यावर मामांनी मान डोलावली. कित्येक वर्षांत त्या दोघांचं इतकं पटलेलं मी पाहिलं नव्हतं. अशा रीतीनं सागवानी खुर्चीवर पांढरी चादर टाकायची आणि ऐंशीच्या पुढच्या माणसानं संपूर्ण विधी उभ्यानं करायचा, असं ठरलं. सगळी शिकलीसवरलेली माणसं. एकालाही त्यात काही विचित्र वाटलं नाही. मलाही, खरं सांगायचं तर, तेव्हा रस्सा वाढायची घाई झाली होती.

बिशपसाहेबांना अटी कळवल्या तेव्हा ते हसले म्हणे. उभाच राहीन म्हणाले, देवापुढे बसायचं कशाला.

एप्रिलचा रविवार होता. इतक्या वर्षांची तुंबलेली मुलं, देऊळ गच्च भरलेलं. दोन्ही गट एकाच वेळी आत बसलेले बघून म्हाताऱ्या बायकांच्या डोळ्यांत पाणी होतं. हरसूलकडच्या वाड्यांवरून काही कुटुंबं पहाटेची एसटी धरून आली होती, भाकरी बांधून. त्यांची मुलं नवे पांढरे कपडे घालून पहिल्या बाकांवर अवघडून बसली होती. माझ्या मुलीची जोडी त्यांच्यातल्याच एका मुलीशी लागली. दोघींची उंची सारखी. सासूबाई माझ्या शेजारी, दुसऱ्या बाकावर. उपासना संपताना प्रभुभोजन होतं, आणि कठड्याला पहिली जागा आजी-नातींची, हे त्यांनी पाळकांना आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांनी नवी चप्पल घातली होती आणि ती चावत होती, पण सांगत नव्हत्या.

दोघं दोघं करत मुलं पुढे जात होती. गुडघे टेकत होती. बिशपसाहेब वाकून डोक्यावर हात ठेवत, प्रार्थना म्हणत, पुन्हा सरळ होत. प्रत्येक जोडीसाठी वाकायचं आणि सरळ व्हायचं. पंखे वरच्या वर फिरत होते, त्या जाड झग्याच्या आत वारा कुठला पोचणार. अर्ध्याच्या पुढे गेल्यावर त्यांचा आवाज बारीक झाला. मग मला दिसलं, की ते मुलांच्या डोक्यावर हात ठेवत नव्हते, डोक्यांचा आधार घेत होते. एक मुलगा त्या भारानं वाकला. सगळ्या देवळानं ते पाहिलं. पाळकांनी पाहिलं, माझ्या नवऱ्यानं पाहिलं, मामांनी पाहिलं. कुणी हललं नाही.

सासूबाई उभ्या राहिल्या. त्यांच्या त्या वर्गातल्या आवाजात त्या म्हणाल्या, "बिशपसाहेब, बसा."

दारात उन्हातून आलेल्या कुणालाही आपण जसं म्हणतो तसंच. बिशपसाहेबांनी मागे हात चाचपला, हाताला खुर्ची लागली, आणि ते चादरीसकट तिच्यात बसले. डोळे मिटून दोन श्वास घेतले. मग त्यांनी पुढच्या जोडीला बोटानं बोलावलं. ती जोडी म्हणजे माझी मुलगी आणि ती हरसूलकडची पोर. दोघी गेल्या आणि गुडघे टेकून बसल्या.

मागच्या बाकांवर कुणीतरी मोबाईल वर धरून फोटो काढला. मामा उठले. बिशपसाहेबांना म्हणाले, आपण कृपा करून उठा, ठरलं तसं झालं नाही. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. लगेच माझा नवरा उठला आणि म्हणाला, उठू नका, आता उठलात तर जुन्यांच्या सांगण्यावरून उठलात असं कोर्टात होईल, आधी वकिलांना विचारू. मामा म्हणाले, बसून राहिले तर तुमचा ताबा होईल. मग दोन्हीकडचे पंच वेदीच्या पायऱ्यांपर्यंत आले. एकानं उठा म्हणायचं, दुसऱ्यानं बसा. तो म्हातारा माणूस एकदा इकडे बघायचा, एकदा तिकडे. शेवटी दोन्ही हातांवर जोर देऊन ते स्वतःच उठले, गळ्यातला पट्टा काढून घडी केला आणि आतल्या खोलीत गेले. तिथे त्यांना चक्कर आली. त्यांच्या मुलानं रिक्षा बोलावून त्यांना दवाखान्यात नेलं. सलाइन लावल्यावर बरे झाले, पण पुन्हा आमच्या देवळात यायला त्यांच्या मुलानं साफ नकार दिला, आणि त्याचं काय चुकलं?

आत भांडण चालूच होतं. त्या दोघी पोरी अजून कठड्यापाशी गुडघ्यांवर होत्या. कुणी उठा म्हटलं नव्हतं, म्हणून उठल्या नव्हत्या. मी जाऊन त्यांना हाताला धरून उठवलं. माझ्या मुलीच्या साडीच्या निऱ्या पायाखाली येऊन सुटल्या होत्या. बाहेर त्या दुसऱ्या मुलीचा बाप चिंचेखाली उभा होता. त्याच्या थोरल्या मुलाचं आधीच्या जोडीत झालं होतं.

"बाई, पोराचं झालं न् पोरीचं ऱ्हायलं," तो म्हणाला. "आता परत कधी यायचं? लय लांब हाय आमचं गाव."

मी त्यांना घरी जेवायला चला म्हटलं, पण त्यांची एसटी होती.

त्या दिवसानंतर त्या दोन गटांचं एका गोष्टीवर मात्र पूर्ण एकमत झालं. चूक सासूबाईंची. नवरा तसं म्हणाला, मामाही म्हणाले. त्यांनी तोंड मिटून घेतलं असतं तर अर्ध्या तासाचा प्रश्न होता. सासूबाईंनी एकदाही स्वतःची बाजू मांडली नाही. रात्रीच्या जेवणानंतर त्या मला हळूच विचारायच्या, मी बसा म्हणायला नको होतं का गं? मी म्हणायचे, तुम्हीच काय ते माणसासारखं बोललात. त्या मान हलवायच्या. हातातोंडाशी आलेला नातीचा घास आपणच उडवला, हे त्यांच्या मनातून गेलं नाही. मला त्या दोन पुरुषांचा आजही राग येतो, तो खुर्चीसाठी कमी आणि ह्यासाठी जास्त.

पुढच्या वर्षी त्या न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण पुन्हा चालल्या नाहीत. देवळात जाणं संपलं. तेव्हा एकीवाल्यांचे तरुण पाळक लहानशा पेटीतून प्रभुभोजन घरी घेऊन आले. मुलगा चांगला होता, नुकताच लागलेला, भांडणाचं ओझं अजून अंगवळणी पडलं नव्हतं. सासूबाईंना उशांना टेकवून बसवलं. स्टुलावर मी धुतलेलं पांढरं कापड अंथरलं. माझी मुलगी पलंगाशेजारी, आजीच्या उजव्या हाताला, फरशीवर गुडघे टेकून बसली. मी ते बघितलं आणि मला वाटलं, हेच तर हवं होतं. देऊळ नसेना का.

पाळकांनाही तेच वाटलं असावं. ते सासूबाईंना म्हणाले, हिला देऊ का? नियमात तशी सवलत आहे. ज्याचं दृढीकरण झालेलं नाही पण जो त्यासाठी तयार आहे आणि इच्छितो, त्याला देता येतं.

सासूबाईंनी तो नियम आयुष्यभर शिकवला होता. त्यांनी डोळे उघडून त्या मुलाकडे बघितलं.

"ती सवलत जिथे बिशप पोचत नाही तिथल्यांसाठी आहे, पाळकसाहेब," त्या म्हणाल्या. "आपल्याकडे दोन आहेत."

पाळकांनी खाली बघितलं. मी मनात म्हटलं, म्हातारे, आता तरी सोड. ते ओठांवर आलंही होतं. पण त्यांचा चेहरा बघून गप्प बसले. दोन्ही बाजूंच्या लोकांनी नियमांचे दगड करून एकमेकांना मारले होते. ह्या एकट्या बाईनं नियम पाळायला घेतला होता, आणि त्याचा मार तिलाच बसत होता. पाळकांनी त्यांना भाकर दिली, मला दिली, माझ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. मुलगी हात जोडून बसली होती. सासूबाईंनी डावा हात नेऊन तिची बोटं धरली आणि म्हणाल्या, पुढच्या खेपेला, देवळात. पोरीनं हो म्हटलं.

त्या थंडीत त्या गेल्या. दफनाला दोन्ही गटांचे पाळक आले, दोघांनी मिळून विधी केला. त्याला काहीच हरकत निघाली नाही.

मधे बरीच वर्षं गेली. मुलगी शिकली आणि पुण्यात नोकरीला लागली. मग कधीतरी वकील थकले, किंवा माणसं थकली, आणि कोर्टाबाहेर समझोता झाला. कुठला बिशप, कुठल्या प्रांताचा, हे मी इथे लिहीत नाही. ज्यांच्या बाजूनं लागलं त्यांनाही फारसा आनंद झालेला दिसला नाही, आणि हरलेल्यांचा सुंभ जळाला तरी पीळ तसाच आहे. तारीख ठरली. नवऱ्यानं पोरीला फोन केला, पुन्हा केला, तिसऱ्यांदा मला करायला लावला. म्हणाला, आईची इच्छा होती, आता तरी पुरी होऊ दे. ती आदल्या दिवशी आली.

सकाळी ती माझ्याबरोबर देवळात आली. साडी निळी होती. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण मला वाटलं, हल्लीच्या मुली, पांढरी कोण नेसतं. नावं वाचायला लागले. तिचं नाव आलं. ती उठली नाही. पाळकांनी पुन्हा वाचलं. नवरा पुढच्या बाकावरून वळून बघत राहिला. ती खाली बघत शांत बसली होती. मग पुढचं नाव वाचलं गेलं.

उपासना संपल्यावर लोक एकमेकांना सलाम करत आवारात रेंगाळत होते. नवरा तिच्याजवळ आला. रागावलेला नव्हता, घाबरलेला होता. म्हणाला, अगं, आजीसाठी तरी जायचंस.

"बाबा, मला दृढीकरण नकोच होतं कधी," ती म्हणाली. "मला आजीच्या शेजारी गुडघे टेकायचे होते. ती जागा आता कोणते बिशप देणार आहेत?"

माझा नवरा वकिलांना मुद्दे सुचवणारा माणूस. तो देवळाच्या दाराकडे बघायला लागला. मामा काठी टेकत मागे येऊन उभे राहिले होते, त्यांनीही सगळं ऐकलं. तिनं वाकून आधी त्यांना सलाम केला, मग बापाला, आणि मला म्हणाली, चल आई, माझी दुपारची गाडी आहे.